पाळवणकर बाळू आणि हिंदूंची कप्तानी

१८७६ सालच्या फेब्रुवारींत आमच्या अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं एका परिटाच्या घरीं मुलगा जन्मला; पुढें सर्व महाराष्ट्र त्यास गाडगेबाबा म्हणूं लागला. महिना उलटण्यापूर्वींच, १९ मार्च रोजीं, धारवाड येथें एका चांभाराच्या घरीं दुसरा मुलगा जन्मला. त्याचें नांव बाळू. दोघांच्याही चरित्रांत एक मातीचें भांडें आहे. गाडगेबाबांनीं तें स्वखुशीनें हातीं घेतलें व लोकांनीं तेंच त्यांचें नांव करून टाकलें. बाळूच्या हातीं तें इतरांनीं दिलें. पुण्याच्या मैदानावर, चहाच्या वेळीं, पॅव्हिलियनच्या बाहेर. पहिली कथा वऱ्हाडांत घरोघरीं ठाऊक आहे. दुसरी क्रिकेटच्या इतिहासकारांस ठाऊक असली तरी आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांत तिचा उल्लेख क्वचितच ऐकूं येतो, म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

वऱ्हाड हा मुलूख मुळांत आखाड्याचा. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखवून आला, याचा अभिमान आम्हां सर्वांस आहे. क्रिकेटनें येथें मागाहून मूळ धरलें. तरी तेंही येथें परकें राहिलें नाहीं. हेमंत कानिटकर हे १९४२ सालीं अमरावतींतच जन्मले आणि १९७४ सालीं बंगळूर येथें आपल्या पहिल्याच कसोटी सामन्याच्या पहिल्या डावांत त्यांनीं ६५ धांवा काढल्या. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भाच्या संघानें दिल्लीस हरवून रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हां त्याचा आनंद अकोल्यास आणि अमरावतीस नागपुराइतकाच झाला. त्या संघांतील कोणता खेळाडू कोणाच्या हातचें पाणी पितो, हा प्रश्न कोणाच्या मनांतही आला नसेल. सव्वाशें वर्षांपूर्वीं पुण्यांत हाच प्रश्न पहिला होता, आणि गोलंदाजी चांगली कीं वाईट हा दुसरा.

बाळूचें घराणें लष्कराच्या आश्रयानें पुण्यास आलें. पाळवणकर हें आडनांव मूळ गांवावरून पडलेलें. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे हे चौघे भाऊ. चौघेही पुढें नामांकित खेळाडू झाले. गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू हेंच त्यांचें पहिलें साहित्य. शाळा लवकर सुटली, आणि बाळूस पुण्यांतील एका पारशी क्रिकेट क्लबांत नोकरी मिळाली. काम मैदान झाडण्याचें व खेळपट्टीवर रोलर फिरविण्याचें. पगार दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबांत गेला. तेथें पगार ४ रुपये झाला. रोलर ओढणें, पट्टीच्या रेघा मारणें, नेट उभारणें आणि साहेब लोकांस सरावासाठीं चेंडू टाकणें, हीं तेथील कामें. डाव्या हातानें मंदगतीचे चेंडू टाकण्याची जी कला पुढें इंग्लंडांत वाखाणली गेली, ती अशी चाकरी करतां करतां सिद्ध झाली.

त्या क्लबांत जे. जी. ग्रेग नांवाचे एक नाणावलेले फलंदाज होते. ते इतरांच्या आधीं मैदानावर येत आणि बाळूस तासन् तास चेंडू टाकावयास लावीत. आपणांस बाद केलें कीं दर वेळीं ते आठ आणे देत, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथा खरी असो वा रचलेली असो, तींतील हिशेब मात्र उद्‌बोधक आहे. आठ वेळां यष्टी उडविल्या कीं महिन्याचा पगार सुटला. परंतु या दीर्घ नोकरींत बाळूच्या हातीं सरावासाठींही बॅट कोणी दिली नाहीं, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. बॅट ही साहेबाची वस्तु आणि चेंडू टाकणें हें चाकराचें काम, अशीच तेव्हांची वांटणी होती. अमेरिकेंत जो बेसबॉल म्हणून चेंडूदांडूचा खेळ आहे, त्यांत चेंडू टाकणारा हा मैदानाचा राजा असतो. इंग्रजी राज्यांतील क्रिकेटमध्यें तो बहुधा रोजंदारीवरचा मनुष्य असे, हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

पुण्याच्या हिंदु क्लबास गोऱ्यांशीं सामने खेळावयाचे होते, आणि गोऱ्यांच्या मैदानावर रोलर ओढणारा हा तरुण त्यांना बाद करूं शकतो हें उघड दिसत होतें. त्यास घ्यावें कीं न घ्यावें, यावर क्लबांत वाद झाला. तेलुगू सभासद घ्यावें म्हणत. पुणेकर ब्राह्मण सभासदांपैकीं कांहींचा विरोध होता. ग्रेगसाहेबांनीं, हिंदूंनीं याला वगळलें तर तो मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचें मत प्रकट केलें. शेवटीं जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली व बाळूंस संघांत घेण्यांत आलें. परंतु त्याबरोबर एक तडजोडही झाली. मैदानांत सर्वांनीं एकाच चेंडूस हात लावावयाचा. मैदानाबाहेर मात्र शिवाशीव पाळावयाची. चहाच्या सुटींत इतर खेळाडू पॅव्हिलियनांत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस बाहेर, फेंकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांत तो मिळे. हातपाय धुण्याचें पाणी द्यावयास एक अस्पृश्य गडी असे. जेवण निराळ्या ताटांत, निराळ्या मेजावर.

या व्यवस्थेचा थोडा विचार करण्यासारखा आहे. क्रिकेटचा चेंडू कातड्याचा असतो. कातडें कमावणें व शिवणें या कामास हात लावल्यानेंच चांभार अस्पृश्य, असें सांगणारे ते लोक सबंध दिवस तोच कातड्याचा गोळा झेलीत, उचलीत, अंगरख्यास घाशीत आणि बाळूंच्या हातून आपल्या हातीं घेत. त्यानें कोणास विटाळ होत नसे. विटाळ होई तो चहानें. धर्माच्या नांवानें चाललेल्या या रूढींत धर्म किती होता व सोय किती होती, याचें उत्तर शास्त्रार्थांत शोधण्याची गरज नाहीं. जेथें बाळूंवांचून अडत होतें तेथें ते शुद्ध होते, जेथें अडत नव्हतें तेथें अशुद्ध. आमच्या मतें या एका गोष्टींत त्यांच्या पुढील तीस वर्षांचें सूत्र सांपडतें.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशीं पुणेकर हिंदूंचा सामना ठरला तेव्हां बाळूंच्या फिरकीचा जोर मारण्यासाठीं तेथील पट्टी कित्येक दिवस रोलरखालीं दाबून ठेवली होती. तरी बाळूंनीं सात गडी बाद केले आणि हिंदु जिंकले. या विजयानंतर पुण्यांत त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं भर सभेंत त्यांच्या गळ्यांत हार घातला. लोकमान्य टिळकांनींही त्यांचें कौतुक केलें, असें नमूद आहे. ज्यांच्याबरोबर खेळतां त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असा न्यायमूर्तींच्या बोलण्याचा रोख होता. न्यायमूर्ति १९०१ च्या आरंभीं वारले, म्हणजे हा प्रसंग त्या आधींचा. स्वतः रानड्यांस १८९० सालीं पुण्याच्या मिशनमध्यें घेतलेल्या चहाच्या पेल्यापायीं ग्रामण्य व प्रायश्चित्त सोसावें लागलें होतें. त्या शहरांत चहा हा पदार्थ एकंदरींत सोपा नव्हता.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले. कांहीं काळ पलटणींत काढल्यावर त्यांस बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेंत नोकरी मिळाली व परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याकडून ते खेळूं लागले. येथेंही प्रवेशाच्या वेळीं कुरकुर झाली, परंतु मुंबईचें पाणी पुण्याहून निराळें. थोड्याच दिवसांत जिमखान्याचे सभासद त्यांच्याबरोबर एका मेजावर चहा घेऊं लागले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु व युरोपियन यांचा मोठा सामना झाला. हिंदूंच्या धांवा २४२ व १६०; युरोपियनांच्या १९१ व १०२. हिंदूंनीं १०९ धांवांनीं सामना जिंकला. बाळू आणि इराशा यांच्या गोलंदाजीनें तो जिंकला गेला, आणि बंधु शिवराम हेही त्या संघांत होते. बंगालच्या फाळणीनें देश तापलेला असतांना गोऱ्यांवर मिळविलेल्या या विजयानें सर्वत्र जल्लोष झाला हें सांगावयास नको. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्रानें मात्र विजयापेक्षां त्या संघाच्या घडणीकडे बोट दाखविलें; चांभार बंधूंस संघांत घेऊन त्यांच्यासह चहापान करण्यापर्यंत हिंदु खेळाडू आले, यास त्या पत्रानें जास्त महत्त्व दिलें. पत्राची दृष्टि बरोबर होती, फक्त अंमळ घाईची होती.

१९११ सालीं पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या कप्तानीखालीं पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडास गेला. संघाची कामगिरी एकंदरींत यथातथाच. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकीं १० हरले, २ जिंकले व २ अनिर्णित राहिले. महाराज तर थोडेच सामने खेळले व उरलेला वेळ त्यांनीं लंडनच्या दरबारी समारंभांत घालविला. परंतु बाळूंनीं त्या ओल्या, परक्या पट्ट्यांवर सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. त्यांतील ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावांत १०३ धांवांत ८ बळी, ही त्यांच्या आयुष्यांतील सर्वोत्तम कामगिरी होय. लेस्टरशायरवरील विजयांत त्यांचे ११ बळी होते. खांद्याच्या दुखण्यानें ते त्या वेळीं बेजार होते, हेंही लक्षांत घेतलें पाहिजे. त्यांच्या सबंध कारकीर्दींतील प्रथम दर्जाचे सामने अवघे ३३ भरतात, आणि त्यांत १७९ बळी, दर बळीस सरासरी १५ धांवांचा खर्च. त्यांच्या भर तारुण्याचीं वर्षें मात्र या हिशेबांत नाहींतच. तीं नेटमध्यें आणि पुण्याच्या किरकोळ सामन्यांत गेलीं.

ते परत आले तेव्हां मुंबईच्या अस्पृश्य बांधवांनीं त्यांस मानपत्र दिलें. तें देण्यांत एल्फिन्स्टन कॉलेजांतील एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा पुढाकार होता, असें चरित्रकार सांगतात. त्या विद्यार्थ्याचें नांव भीमराव आंबेडकर. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पंचवीस वर्षांनीं ती पुन्हां आठवावी लागणार आहे.

आतां कप्तानीकडे वळूं. १९०७ पासून तिरंगी व १९१२ पासून चौरंगी सामने मुंबईस दरवर्षीं होऊं लागले. हिंदूंच्या संघांत बाळूंइतका जुना, अनुभवी व यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. असें असतां कप्तान निवडावयाची वेळ आली कीं निवडमंडळाची दृष्टि दर वेळीं त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाई. १९१३ सालीं कप्तानी म. दा. पै यांच्याकडे आली, तेव्हां पै यांच्या ज्ञातिबांधवांनीं भरविलेल्या सत्कारसभेंत खुद्द पै यांनींच सांगितलें कीं हा मान खरोखर ज्येष्ठतेच्या व अनुभवाच्या नात्यानें माझे मित्र बाळू यांचा आहे. मित्रांच्या समारंभांत स्वतःच्या हाराविषयीं असें बोलणें सोपें नसतें. पै यांच्या उदार मनाची ही साक्ष होय. परंतु बोलून झाल्यावर हार पै यांच्याच गळ्यांत राहिला, हेंही तितकेंच खरें.

१९२० च्या डिसेंबरांत हें प्रकरण चिघळलें. त्या वर्षीं बाळूंस संघांतूनच वगळलें. ते चव्वेचाळीस वर्षांचे झाले होते, आणि केवळ खेळाडू म्हणून त्यांस न घेण्याचें समर्थन कोणी केलें तर आम्ही वाद घालणार नाहीं. पण कप्तान पै आजारी पडले असतां त्यांची जागा दि. ब. देवधर यांस देण्यांत आली. देवधर हे पुण्याचे, संस्कृतचे प्राध्यापक, खेळाडू म्हणून थोर. त्यांच्या योग्यतेविषयीं प्रश्नच नाहीं. परंतु विठ्ठल आणि शिवराम हे त्यांच्याहून जुने, आणि तेव्हां खेळांतही कमी नव्हते. त्या दोघां बंधूंनीं सामन्यांतून अंग काढून घेतलें व जाहीर पत्रक काढून कारण सांगितलें. आम्हांस केवळ जातीमुळें मागें ठेवण्यांत येतें, आणि हा अपमान आम्ही यापुढें गिळणार नाहीं, असा त्याचा मथितार्थ. त्याच महिन्यांत नागपुरास राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें होतें. तेथील असहकारितेच्या ठरावांत हिंदूंनीं अस्पृश्यतेचा कलंक धुऊन टाकावा असें आवाहन होतें. पाळवणकर बंधूंचा असहकार मात्र परक्या सरकाराशीं नव्हता, स्वकीयांच्या जिमखान्याशीं होता.

लोकमत बंधूंच्या बाजूस झुकलें. पारशांशीं होणाऱ्या अंतिम सामन्यापूर्वीं तडजोड निघाली. दोघे बंधु परत आले, बाळूंसही संघांत घेऊन उपकप्तान नेमलें, आणि बरे झालेले पै कप्तान म्हणून उतरले. सामना चालू असतां पै कांहीं वेळ मैदान सोडून बाहेर गेले. तितका वेळ हिंदूंचें नेतृत्व बाळूंकडे आलें. पै यांनीं हें बुद्ध्या केलें असें मानतात, आणि आम्हांसही तसेंच वाटतें. बाळूंचा हा शेवटचा मोठा सामना. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर त्यांच्या वांट्यास आलेली कप्तानी ती एवढीच, आणि तीही एका सज्जन मित्राच्या सौजन्यानें मिळालेली.

१९२३ सालीं हिंदूंची कप्तानी धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाली आणि त्या वर्षीं हिंदूंनीं अंतिम सामन्यांत युरोपियनांस हरविलें. सामना संपल्यावर प्रेक्षकांनीं विठ्ठलांस खांद्यावर घेऊन मिरविलें. खांदे अर्थातच सवर्णांचे होते.

येथें थोडें परदेशाकडे पाहणें उपयोगी पडेल. अमेरिकेच्या बेसबॉल खेळांत १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून नीग्रो खेळाडूंस मोठ्या संघांची दारें बंद होतीं. लेखी कायदा नव्हता. संघमालकांची मूक संमति होती, आणि ती कायद्याहून टिकाऊ ठरली. १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून जॅकी रॉबिन्सन मैदानांत उतरले तेव्हां ही भिंत फुटली. बाळूंस ‘भारताचे रॉबिन्सन’ म्हणण्याची चाल अलीकडे पडली आहे. कालक्रम पाहतां रॉबिन्सन यांनाच ‘अमेरिकेचे बाळू’ म्हणणें अधिक न्याय्य होईल, कारण १९०६ चा सामना रॉबिन्सन यांच्या जन्मापूर्वीं तेरा वर्षें झाला. साम्य मात्र विलक्षण आहे. रॉबिन्सन संघाबरोबर खेळत, पण सेंट लुइस शहरांत संघ ज्या हॉटेलांत उतरे तेथें त्यांस प्रवेश नसे. तें दार १९५४ सालीं उघडलें, तेंही निजण्यापुरतें. भोजनगृह बंदच राहिलें. पुण्याचा चहाच तो, केवळ महासागरापलीकडचा. आणि नेतृत्वाविषयीं म्हणाल तर, बेसबॉलच्या मोठ्या संघावर पहिला कृष्णवर्णी व्यवस्थापक १९७५ सालीं आला. म्हणजे खेळण्याच्या हक्कापासून हुकूम देण्याच्या हक्कापर्यंत पोंचावयास तेथें अठ्ठावीस वर्षें लागलीं. आपल्याकडे १९०६ पासून १९२३ पर्यंत सतरा. यांत आपण अभिमान बाळगावा असें कोणास वाटल्यास त्यांनीं पुढील हकीकत वाचावी.

विठ्ठलांच्या कप्तानीस चार वर्षें झालीं होतीं. १९२७ च्या मार्चांत महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षीं आमच्या अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य बांधवांनीं सत्याग्रहाची तयारी केली. १३ नोव्हेंबर रोजीं इंद्रभुवन नाट्यगृहांत वऱ्हाड प्रांतिक परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. त्यांचे वडील बंधु बाळाराम आदल्याच दिवशीं मुंबईस वारले होते. ती वार्ता त्यांस येथें परिषदेच्या कामांत कळली, आणि तरी त्यांनीं काम पुरें केलें. मंदिराच्या पंचांनीं मुदत मागितली म्हणून सत्याग्रह तूर्त तहकूब झाला. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे तरुण सवर्ण या चळवळीच्या पाठीशीं उभे राहिले, आणि पुढें जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असतां त्यांनीं सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या केल्या, ही वऱ्हाडच्या इतिहासांतील भूषणाची बाजू. परंतु मुंबईच्या मैदानावर हजारों हिंदु एका चांभार कप्तानास खांद्यावर घेतात, आणि चार वर्षांनंतर अमरावतीस त्याच्या बांधवांस देवीचा उंबरठा ओलांडण्यासाठीं परिषद भरवावी लागते, या दोन गोष्टी एकाच समाजाच्या आहेत. मैदानांत हिंदूंना बळी हवे होते. मंदिरांत त्यांस बाळूंपासून कांहीं नको होतें.

या दोन गोष्टींतून दोन माणसांनीं दोन निरनिराळे निष्कर्ष काढले, आणि येथेंच बाळूंच्या चरित्रांतील अवघड भाग सुरू होतो. त्यांस वाटे, मातीच्या भांड्यापासून एका मेजापर्यंत आणि तेथून भावाच्या कप्तानीपर्यंतचा रस्ता मीं स्वतः चाललों आहें; हिंदु समाज हळू बदलतो, पण बदलतो. १९३२ सालीं राजा-मुंजे करार झाला तेव्हां संयुक्त मतदारसंघाच्या त्या योजनेस त्यांनीं पाठिंबा दिला. आमच्या वऱ्हाडांतील अस्पृश्य पुढारी ग. आ. गवई हेही त्याच बाजूचे होते, हें येथें सांगितलें पाहिजे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणें करारावर आंबेडकरांच्या सहीबरोबर बाळूंचीही सही आहे. १९३५ च्या ऑक्टोबरांत येवल्यास आंबेडकरांनीं ‘मी हिंदु म्हणून मरणार नाहीं’ अशा अर्थाची घोषणा केली, तेव्हां बाळूंनीं तीस उघड विरोध केला.

मग १९३७ च्या निवडणुका आल्या. मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघांत आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसनें उमेदवार उभा केला तो पाळवणकर बाळू. मानपत्राच्या समारंभास पंचवीस वर्षें झालीं होतीं. मतें पडलीं तीं अशीं : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. दोन हजारांच्या फरकानें बाळू पडले.

या प्रसंगावरून बाळूंस कोणी दोष देतात, तर त्यांचे चाहते तो प्रसंग गाळून चरित्र लिहितात. आम्हांस दोन्ही रीती पसंत नाहींत. बाळू विकले गेले असें मानण्यास काडीचाही आधार नाहीं; ते स्वतःच्या अनुभवावर विसंबले. चूक होती ती अनुभवाचा अर्थ लावण्यांत. हजारांत एखाद्याच्याच हातास येणारी विद्या त्यांच्या हातीं होती, आणि तिच्यामुळें समाजानें त्यांच्यापुरता नियम सैल केला. ज्यांच्या हातीं अशी विद्या नाहीं त्या लक्षावधींनीं किती गडी बाद करावे म्हणजे त्यांस तळ्याचें पाणी मिळेल, हा आंबेडकरांचा प्रश्न होता, आणि त्यास बाळूंच्या चरित्रांत उत्तर नाहीं. आंबेडकरांचें निदान खरें होतें असें आम्हांस वाटतें. परंतु ज्या पक्षानें त्यांच्यासमोर उभें करण्यासाठीं नेमका हाच वृद्ध, लोकप्रिय, सत्शील खेळाडू शोधून काढला, त्याच्या चतुराईकडे टीकाकारांनीं अधिक लक्ष द्यावयास हवें होतें. त्याच हिंदूंनीं पंधरा वर्षें बाळूंस कप्तान केलें नाहीं. आंबेडकरांशीं लढावयास मात्र त्यांस पुढें केलें.

रॉबिन्सन यांसही हा योग चुकला नाहीं. कृष्णवर्णीयांचे थोर गायक पॉल रोबसन हे सरकारच्या डोळ्यांत खुपूं लागले, तेव्हां १९४९ च्या जुलैंत अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें त्यांच्याविरुद्ध बोलण्यासाठीं रॉबिन्सन यांस पाचारण झालें. ते बोलले; वर्णद्वेषावरही त्यांनीं त्याच वेळीं कडक शब्द काढले, पण वृत्तपत्रांनीं उचललें तें रोबसन यांच्याविरुद्धचेंच. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यांनीं रोबसन यांच्याविषयीं वाढलेला आदर मोकळेपणानें नमूद केला आहे.

बाळूंनीं आत्मचरित्र लिहिलें नाहीं. विठ्ठलांचें ‘माझें क्रीडा-जीवन’ हें पुस्तक १९४८ सालीं निघालें, आणि पाळवणकर बंधूंच्या हकीकतीचा तें मोठा आधार आहे. २००२ सालीं रामचंद्र गुहा यांनीं भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर इंग्रजींत जो ग्रंथ लिहिला त्यांत बाळूंस मध्यवर्ती स्थान दिलें, तेव्हांपासून इंग्रजी वाचणाऱ्यांत त्यांचें नांव पुन्हां निघूं लागलें. त्या मानानें मराठींत त्यांच्याविषयीं थोडेंच लिहिलें जातें. मुंबईचे ते जातवार सामनेही १९४६ नंतर पुन्हां झाले नाहींत.

अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा संसदेनें १९५५ सालीं केला, आणि तो १ जून रोजीं अमलांत आला. अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक उपाहारगृहांतील भांडीं वापरूं न देणें हा त्याच्या चौथ्या कलमान्वयें अपराध झाला. पाळवणकर बाळू त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं मुंबईस वारले.